आमच्या जुन्या गाडीची वीज

गाडी दारात आली त्या दिवशी आईने तिला ओवाळलं नाही. शेजारच्या बायका अंगणात जमल्या होत्या, कुणी कुंकवाचा करंडाही आणला होता. पण आई पदराला हात पुसत दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आधी चालू तर द्या तिले. मंग पाहू." आई भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातली. बाजारातून आणलेल्या बैलाला दोन दिवस औताला जुंपून बघितल्याशिवाय तिच्या माहेरी त्याच्या गळ्यात घुंगरं बांधत नसत. बाबा गाडीतून उतरले, दार लावलं, ते लागलं नाही म्हणून पुन्हा लावलं आणि बायकांकडे बघून उगाच हसले.

गाडी छोटीशी होती. कुठल्याशा विलायती कंपनीची, करडी, दोन दारांची आणि पाठीमागून कासवासारखी गोल. दुर्गापूरला बदली होऊन निघालेल्या एका बंगाली साहेबांकडून बाबांनी ती घेतली. बाबा नव्या पोलाद कारखान्याच्या स्टोअर्समध्ये क्लार्क होते. आमच्या रांगेतल्या सगळ्या क्वार्टर्ससमोर सायकली उभ्या असत. कारकुनाने गाडी घ्यायची हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, बाबांच्याही नव्हतं. ती घेतली माझ्यासाठी.

मी जेमतेम चालायला लागले तेव्हा मला ताप आला आणि डावा पाय लुळा पडला. गुडघ्याला खीळ असलेल्या लोखंडी पट्ट्या, त्यांना जोडलेला जाड बूट आणि हातात काठी, असा माझा सरंजाम. घरात, शाळेत त्याचं काही वाटत नसे. मॅट्रिकला मला चांगले मार्क पडले आणि मी सायन्सला जायचं म्हटलं. सायन्सचं कॉलेज दुर्गला. बसच्या पायऱ्या माझ्या कमरेएवढ्या उंच, आणि सकाळच्या गर्दीत बस थांबते कुठे, ती नुसती मंदावते. सुरुवातीला बाबांनी मला सायकलच्या कॅरियरवर बसवून नेलं. एवढ्या लांब, उन्हातान्हात, घाम गाळत. एके दिवशी माझ्या बुटाची पट्टी चाकात अडकली आणि आम्ही दोघं रस्त्यावर पडलो. मला खरचटलं, बाबांचा चष्मा फुटला. मग महिनाभरात गाडी आली.

आमचं घर दोन खोल्यांचं, मागे न्हाणी, पुढे अंगण. कडुनिंबाचं रोपटं आईने लावलेलं, ते नुकतं माझ्या खांद्याएवढं झालं होतं. वसाहतीतलं सगळंच तेव्हा माझ्या खांद्याएवढं होतं. रस्ते आखलेले पण झाडं नाहीत, शाळेला भिंती पण खिडक्यांना तावदानं नाहीत. कारखान्याचा भोंगा वाजला की घराघरांतून सायकली निघत, आणि पाळी बदलली की तेवढ्याच परत येत. वाळत घातलेल्या पापडांवर, दोरीवरच्या धोतरांवर, चुलीवरून उतरवलेल्या भाताच्या झाकणावर तांबडी धूळ बसे. आई दिवसातून कितीदा तरी झटकायची आणि पुन्हा बसली की "आली का बाई परत" असं तिच्याशीच बोलायची. डाव्या हाताला मल्याळी, उजव्या हाताला पंजाबी, समोर छत्तीसगढी. प्रत्येक घरातून वेगळी फोडणी यायची. आमच्या घरातून लाखोळीच्या डाळीची आणि वाटल्या डाळीच्या गोळ्याच्या कढीची. मी आजही डोळे मिटले तर मला आधी कढी उकळताना ऐकू येते, मग भोंगा, आणि मग ती गाडी.

कारण ती गाडीही भोंगा वाजवायची. स्वतःहून. डावीकडे वळताना तिचा हॉर्न आपोआप सुरू व्हायचा आणि स्टिअरिंग सरळ होईपर्यंत थांबायचा नाही. दवाखान्याच्या वळणावर तर रोज. साहेबांच्या बंगल्यावरून वळताना बाबा आधीच मान खाली घालायचे. आम्ही सगळे त्यावर हसलो, पुष्कळ हसलो. पण बाकीच्या गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या. संध्याकाळी ठणठणीत उभी केलेली गाडी सकाळी मेलेली असायची. सेल्फचं, म्हणजे गाडी सुरू करायचं, बटण ओढलं की आतून नुसतं 'टक' व्हायचं. बॅटरी काढायची, सायकलवर बांधायची, दुकानात चार्जिंगला द्यायची, दुसऱ्या दिवशी आणायची. की पुन्हा तेच. पावसाळ्यात जास्त, हिवाळ्यात धुकं पडलं की जास्त. दिव्यांचा उजेड इंजिनाबरोबर वरखाली व्हायचा. दुर्गच्या एका मेकॅनिकने डायनॅमो बदलायला सांगितला, दुसऱ्याने बॅटरी, तिसऱ्याने गाडी.

आता माझ्या भाच्याची गाडी बिघडली की वैशाली नगरातल्या आमच्या घरी एक तरुण येतो, एक यंत्र जोडतो आणि यंत्रच त्याला काय बिघडलंय ते सांगतं. मी खिडकीतून बघते. मला त्या मुलाचा हेवा वाटत नाही. गाडी बोलत नसताना तिच्याकडून काढून घेण्यात जी मजा आहे, ती त्याला कोण देणार?

तर, सेल्फ लागला नाही की बाबा हँडल मारायचे. गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून जोरात फिरवायचं. बॅटरीत थोडी जरी धुगधुगी असली तरी इंजिन धरायचं. जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी असंच हँडल मारलं आणि इंजिनाने उलटी लाथ घातली, हँडल झटक्याने उलटं फिरलं. मी आत बसले होते. काचेतून मला बाबांचा चेहरा दिसला. ते ओरडले नाहीत, त्यांनी फक्त उजवा हात डाव्या हातात धरला आणि गाडीच्या पुढे हळूच खाली बसले, दिसेनासे झाले. मला दार उघडून, पायाची खीळ लावून, काठी घेऊन तिथवर जायला जो वेळ लागला तो मला अजून आठवतो.

मनगटाचं हाड मोडलं होतं. उजवा हात, कारकुनाचा हात. प्लास्टर घालून बाबा घरी आले तेव्हा आईने त्यांना आधी पाणी दिलं, हळद घातलेलं दूध दिलं, भाताचा घास आपल्या हाताने भरवला आणि मग अंगणाकडे बोट दाखवून म्हणाली, "ते धूड इका."

"अवं, ऐकून तर घे."

"मी नाही ऐकत. आज हात मोडला. उद्या काय मोडीन? कारखान्यात इतकाल्या मशिनी हायत, तिथं काही झालं नाही तुमाले. अन् दारात उभी हाय तिनं हात मोडला."

"अन् पोरीचं कॉलेज?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "घरी बसून शिकन. बाहेरून परीक्षा देन. देतेत लोक."

"सायन्सची नाही देता येत, आई," मी म्हणाले. "प्रयोग असतात. ते तिथंच जाऊन करावे लागतात."

"मंग दुसरं शिक."

ती रागाने बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या मामांना निरोप धाडला. मामांच्या ओळखीचे राजनांदगावचे एक ठेकेदार होते, त्यांना छोटी गाडी हवी होती. प्रॅक्टिकल परीक्षा होळीच्या सुमाराला होती. तेवढी होईपर्यंत गाडी ठेवायची, मग ठेकेदारांनी येऊन न्यायची, असं ठरलं. बाबांनी विरोध केला नाही. हात मोडला होता तो एक, पण रोज सकाळी त्या गाडीपुढे उभं राहून त्यांच्यातलं दुसरंही काही मोडत आलं होतं, ते मला दिसत होतं.

मी मात्र त्या दोन-तीन दिवसांत मनाशी एक गोष्ट पक्की केली. गाडी बिघडलेली आहे म्हणून विकायची असेल, तर ती बिघडलेली राहता कामा नये. एवढंच. मोठा विचार वगैरे काही नव्हता. मॅट्रिकला मी वीज शिकले होते, बॅटरी, बल्ब, तार, स्विच. पुस्तकातल्या आकृतीत जे होतं तेच या पत्र्याच्या पोटात असणार, फक्त तारा जास्त आणि मळकट. आणि माझ्याकडे वेळच वेळ होता, कारण गाडी चालवणाऱ्याचा हात गळ्यात होता आणि माझं कॉलेजला जाणं बंद पडलं होतं.

डावीकडच्या घरात नायर अंकल राहायचे. रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर, डोक्याला खोबरेल, बोलणं कमी. मी त्यांना कुंपणापाशी गाठलं आणि विचारलं, बॅटरी उभ्या उभ्या कशी उतरते. त्यांनी मला विचारलं, "कौन देखेगा? पिताजी का हाथ तो..."

"मैं देखूँगी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पायाकडे नाही बघितलं. आत गेले आणि एक छोटा बल्ब आणि दोन लांब वायरी घेऊन आले. होल्डरला वायरी जोडल्या, टोकं सोलली. रविवारी दुपारी आमच्या अंगणात येऊन त्यांनी बॉनेट उघडलं आणि बॅटरीची एक केबल सोडवली. सुटलेली केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये त्यांनी तो बल्ब जोडला. गाडीतलं सगळं बंद होतं, किल्ली आईजवळ होती. तरी बल्बची तार लालसर झाली. उन्हात नीट दिसेना, म्हणून मी पदरासारखी ओढणी वरून धरली. हो, जळत होती. अगदी मंद, पण जळत होती.

"देखा? चोरी," अंकल म्हणाले. "कोई पी रहा है. अब एक-एक तार निकालो. जिस तार से बत्ती बुझ गई, वही चोर. मेरा ड्यूटी है, मैं जाता हूँ." दोन पावलं गेल्यावर ते वळले. "और एक बात. करंट जाने का रास्ता सब देखते हैं. लौटने का रास्ता कोई नहीं देखता. वो भी देखना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीतला पाट गाडीपाशी नेला, काठी हेडलाइटला अडकवली आणि मडगार्डला टेकून कामाला लागले. एक वायर सोडवायची, बल्ब बघायचा, वायर परत लावायची. दुसरी. तिसरी. कुठली वायर कुठली ते विसरू नये म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा. आईच्या शिवणाच्या डब्यातले दोरे संपले. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबायच्या, आई त्यांना म्हणायची, "काही नाही जी, खेळून राहिली." आत आली की मला म्हणायची, "कावून हात काळे करून राहिली वो? पोरीच्या जातीचे हात." मी पुढची वायर सोडवायचे. पाठ मोडून येत होती, बुटाची पट्टी मांडीला रुतत होती, पण थांबले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल ही भीती होती.

जेवणाची हाक आली तेव्हा मी एक जाड तपकिरी वायर सोडवली आणि बल्ब विझला. मला खरं वाटेना. परत लावली, तो लागला. सोडवली, विझला. ती हॉर्नची वायर होती. मी तिचा माग काढत गेले. हॉर्नपासून निघून ती स्टिअरिंगच्या नळीत शिरत होती, आणि नळीच्या तोंडाशी, जिथे चाक वळताना ती घासली जायची, तिथे तिचं कातडं सोलवटून तांबं उघडं पडलं होतं. भोवती चिखल-वंगणाचा ओलसर लेप. आता सगळं एकाएकी समजलं. डावीकडे वळलं की ते उघडं तांबं पत्र्याला टेकायचं आणि हॉर्न वाजायचा. आणि उभ्या गाडीत त्या ओलसर लेपातून थोडी थोडी वीज रात्रभर झिरपायची. हॉर्न वाजण्याइतकी नाही, पण बॅटरी रिकामी करण्याइतकी. ज्याला आम्ही इतके हसलो होतो, तोच चोर होता.

मी "बाबा!" अशी हाक मारली. ते गळ्यात हात अडकवलेले बाहेर आले. मी दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, डाव्या हाताच्या बोटाने ते उघडं तांबं चाचपलं आणि म्हणाले, "एवढंसं?" मग सरळ उभे राहून पुन्हा म्हणाले, "एवढंसं?" त्यांना बहुतेक ते सगळे मेकॅनिक आठवत असावेत, किंवा आपला हात. मी लेप खरवडून काढला, वायर पुसली, तिच्यावर रबरी पट्टी गुंडाळून ती नळीपासून दूर बांधून टाकली.

चार्ज केलेली बॅटरी आता दिवस दिवस उतरेना. पण सेल्फ ओढला की 'टक' तसंच. आईने ते ऐकलं आणि तांदूळ निवडायला बसली. मला जास्तच चीड आली. बॅटरी भरलेली, मग हे का? तेव्हा मला अंकलचं परत येण्याच्या वाटेबद्दलचं बोलणं आठवलं. इंजिनातून वीज बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीत परत येते, त्यासाठी इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी असते. ती शोधायला मला गाडीखाली आडवं व्हावं लागलं. पोतं पसरून मी पडले आणि सरकत आत गेले. एक गंमत सांगते: गाडीखाली आडवं झालेल्या माणसाला पाय लुळा असला काय न् धड असला काय, सारखंच. तिथे मला कुणीच हळू म्हणू शकत नव्हतं. पट्टी सापडली. हिरवी झाली होती, तिच्या बोल्टाखाली गंज आणि गंजावर कुणीतरी मारलेला रंग.

मी ती सोडवून न्हाणीपाशी बसून चाकूने खरवडू लागले. तारा तुटायला लागल्या. आई भांडी घासत होती. थोडा वेळ तिने बघितलं, मग तिला राहवेना.

"तांबं हाय का ते?"

"हो."

"तांबं असं घासतेत? दे इकडं." तिने माझ्या हातातून पट्टी ओढून घेतली, आत गेली, चिंचेचा कोळ आणि मीठ आणलं आणि देवाचा तांब्याचा गडवा घासावा तशी ती पट्टी घासली. दोन्ही बाजूंनी, टोकाच्या भोकांच्या आतून बोट फिरवून. पाण्याने खळखळून धुतली आणि उन्हात वाळत ठेवली. ती नव्या पैंजणासारखी झळकत होती. "आता कुठं लावाची ते लाव," ती म्हणाली आणि परत भांड्यांकडे वळली. पण मी पट्टी बसवत असताना ती पोत्याजवळ उभी होती. मला तिची पावलं दिसत होती.

बाबांनी डाव्या हाताने सेल्फ ओढला. 'टक' झालं नाही. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. समोरच्या छत्तीसगढी काकू बाहेर धावत आल्या, "का होगे, का होगे?" आणि बाबा खिडकीतून हसत होते. आई म्हणाली, "बंद करा, धूर घरात येते." त्या दिवशी तिने गोळ्याची कढी केली, ताटात मला दोन गोळे जास्त होते. पण ठेकेदारांचा विषय तिने काढला नाही, आणि बाबांनीही नाही. ठरलेलं ठरलेलंच होतं.

प्लास्टर निघालं. मनगट बारीक आणि ताठ झालं होतं, पण बाबा स्टिअरिंग धरू शकत होते. प्रॅक्टिकलच्या दिवशी आम्ही लवकर निघालो. गाडी सुरळीत चालली होती, दवाखान्याच्या वळणावर चकार शब्द बोलली नाही. सुपेल्याच्या फाटकाशी रुळांवरून जाताना पुढची चाकं आदळली, आणि इंजिन बंद पडलं. बरोब्बर रुळांवर. बाबांनी किल्ली फिरवली, सेल्फ ओढला. इंजिन घरघरत फिरलं, पण धरेना. फाटकवाला ओरडत धावत आला, "हटाओ बाबूजी, हटाओ! गेट बंद करना है!" बांधकामावर निघालेल्या पाच-सहा बाया डोक्यावर घमेली घेऊन फाटक ओलांडत होत्या. त्यांनी घमेली खाली ठेवली. मी उतरायला दार उघडलं तर त्यांच्यातली एक म्हणाली, "ए नोनी, तैं बइठे रह वो," आणि मला आतच बसवून सगळ्यांनी मिळून आम्हाला पलीकडे ढकललं. आभार मानायच्या आत त्या घमेली उचलून गेल्याही.

बाबांच्या कपाळावर घाम होता. "सुधा, मी रिक्षा पाहतो."

"रिक्षाने वेळेत पोचणार नाही, बाबा."

"काहीतरी पाहतो. ट्रकवाल्याले विचारतो. साल जाईन तुझं." ते रस्त्याकडे निघालेही होते.

"बाबा, थांबा. आधी हॉर्न दाबा." माझा आवाज मलाच परका वाटला. ते थबकले, वाकले, हॉर्न दाबला. खणखणीत वाजला. "दिवे लावा." लागले. म्हणजे बॅटरी ठीक, आणि परतीची वाटही ठीक. "आता किल्ली फिरवा. काट्यांजवळचा लाल दिवा लागला?"

"नाही."

"पेट्रोलचा काटा?"

"पडला हाय खाली."

हॉर्न, दिवे आणि सेल्फ किल्लीवाचून चालायचे; लाल दिवा, काटा आणि इंजिनाची ठिणगी किल्लीतून. म्हणजे वीज किल्लीपर्यंत येत होती, किल्लीच्या पुढे जात नव्हती. किल्लीच्या आतला सांधा आदळून सुटला होता. तो उघडायला वेळ नव्हता, पण त्याला वळसा घालता येत होता. माझ्या पिशवीत अंकलचा बल्ब आणि एक पकड होती. मी बल्ब आणि होल्डर तोडून टाकला आणि दोन वायरींची टोकं पिळून एक लांब वायर केली. उतरून पायाची खीळ लावली, बॉनेट उघडलं, मडगार्डला टेकले, काठी हेडलाइटला अडकवली. एक टोक बॅटरीच्या टोकाशी पकडीने दाबून बसवलं. दुसरं कॉइलच्या, म्हणजे इंजिन पेटवणाऱ्या गुंडाळीच्या, स्क्रूला लावताना ठिणगी उडाली.

"लाल दिवा, बाबा?"

"लागला!" ते ओरडले. "लागला बापा, लागला!"

"ओढा सेल्फ."

इंजिन सुरू झालं. मी बॉनेट टाकलं आणि आत बसले. धक्क्याने वायर निसटेल म्हणून बाबांनी दुर्गपर्यंत एकेक खड्डा चुकवत गाडी नेली. कॉलेजच्या दारात त्यांनी किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहिलं, कारण वीज आता किल्लीला विचारत नव्हती. मला उतरून बॉनेट उघडून वायर ओढावी लागली. दाराशी उभी असलेली मुलं बघत राहिली. एक जण म्हणाला, "अरे, ये तो लड़की मिस्त्री है." बाबा कधी अनोळखी माणसांशी बोलत नसत. ते त्याच्याकडे वळून म्हणाले, "हाँ. मेरी लड़की है."

परीक्षक म्हणाले, आधी हात धुऊन या. धुतले, पण नखांतला काळेपणा गेला नाही. प्रयोग आला तो भिंगाचा. विजेचा आला असता तर काय बहार झाली असती, असं मला आजही वाटतं. पण भिंगाचाही मी नीट केला.

परत आलो तो ऊन उतरलं होतं. अंगणात बाजेवर एक जाड गृहस्थ बसले होते, पांढरं धोतर, बोटात अंगठ्या. राजनांदगावचे ठेकेदार. आईने त्यांना चहा दिला होता. इंजिन बंद करायला मी बॉनेट उघडून वायर ओढली, ते त्यांनी बघितलं. बाबांनी उभ्या उभ्या आईला रुळांवरचं सगळं सांगितलं. फार भराभर, मधलं राहून जायचं, मग मागे जाऊन पुन्हा. आई ऐकत होती. बाया ढकलत होत्या ते ऐकताना तिने तोंडावर पदर घेतला. सांगून झाल्यावर ती माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेऊन तळवा वर केला, बोटांवर अंगठा फिरवला आणि सोडला.

ठेकेदार म्हणाले, "तो फिर बाई, गाड़ी देख लें?"

आई त्यांच्याकडे वळली. तिचं हिंदी मोडकंतोडकं होतं, घाईत मराठीच यायचं. "नाही जी," ती म्हणाली. "आता नाही देत. पोरीच्या कालेजची गाडी हाय. तिचं शिकणं होऊ द्या, मंग या."

बाबांनी चमकून तिच्याकडे बघितलं. ठेकेदारांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना राग आला असावा, पण आमच्या मामांची ओळख मध्ये होती. "कब तक, बाई?"

"ते मी काय सांगू? तिलेच विचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते, निकालही लागायचा होता. आमच्या घरात, आमच्या रांगेत, आईच्या आणि बाबांच्या सगळ्या खानदानात जो शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता, तो मी उच्चारला. "एम.एस्सी. होईपर्यंत," मी म्हणाले.

ठेकेदार हसले, नमस्कार केला आणि गेले. बाबा बाजेवर बसले. आई कप उचलायला वाकली, मध्येच थांबली.

"एमेस्सी म्हंजे अजून किती सालं?"

"पुष्कळ, आई. बी.एस्सी. पुरी व्हायची, मग पुढची दोन."

तिने एकदा गाडीकडे बघितलं. मग बाबांना म्हणाली, "मंग बॅटरी नवीन घ्या लागन."